डावा हात

दातांना ब्रेसेस चिकटवण्याआधी गाल आणि ओठ बाजूला धरून ठेवायला प्लास्टिकचा एक रिट्रॅक्टर तोंडात बसवतात. तो बसला की ओठ मिटत नाहीत, आणि ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नीट निघत नाही. ‘आई’ म्हणता येतं, ‘बाबा’ म्हणता येत नाही. खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला ज्या शब्दाची सगळ्यात जास्त गरज पडते तो ‘थांबा’, आणि त्यातही नेमका ‘ब’ आहे. घशातून नुसता ‘आं आं’ असा आवाज येतो. तो दुखल्याचा आहे, लाळ साचल्याचा आहे की जीव घाबरल्याचा, हे बाहेरून कळत नाही.

म्हणून रिट्रॅक्टर हातात घेण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, ‘काहीही वाटलं, नुसतं खाकरावंसं वाटलं तरी, डावा हात वर करायचा. मी थांबेन.’ डावाच का, तेही सांगते. मी पेशंटच्या उजव्या अंगाला बसते. उजवा हात उचलला तर तो माझ्या कोपराला लागतो आणि माझ्या हातात काही टोकदार असेल तर ते गालात जायचं. डावा हात मोकळा असतो आणि समोर दिसतो.

इंदूरला रामबागेत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. वाकडेतिकडे दात ओळीत आणणं, पुढे आलेले दात मागे घेणं, लोक ज्याला ‘तारा लावणं’ म्हणतात ते काम मी एकवीस वर्षं करते आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांतले पेशंट खूप, शिवाय देवासकडून, महूकडून येणारेही. मुलं ‘गुड ईव्हनिंग मॅम’ म्हणत आत येतात, आपसांत हिंदी बोलतात. खुर्ची मागे झुकली की भाषा पालटते. मॅमची काकू होते. ‘काकू, मला डर लागतोय’ हे आमचं इंदुरी मराठी. पुण्याच्या माणसाला त्यातला ‘डर’ खटकेल, पण ते मूल तेव्हा घरी आजीशी ज्या भाषेत बोलतं त्याच भाषेत बोलत असतं. मग मीही तिथेच येते. मालवी बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर आमच्या मावशी पुढे होतात. मावशी देवासकडच्या. सोळा वर्षं त्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, लाळ ओढणारी नळी धरून बसतात. त्यांच्याशिवाय हे काम मला जमलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या जिन्यापर्यंत येऊन परत जायच्या. मला पत्ताच नव्हता, मावशींनी पाहिलं होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी मावशी खाली गेल्या आणि म्हणाल्या, ‘ऊपर पंखा है, पानी है, बैठ तो लो. डॉक्टर को बताऊँगी भी नहीं कि आप आई हो.’ त्या वर आल्या, बाकावर वीस मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मावशींनी शब्द पाळला, मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या बाईंनी आपणहून नाव नोंदवलं.

वय सेहेचाळीस, शाळेत शिक्षिका. वरचे पुढचे दात एकावर एक चढलेले, त्यामुळे ब्रश नीट पोहोचायचा नाही आणि हिरड्या सतत सुजलेल्या. बोलताना रुमाल ओठांशी. नऊ वर्षांच्या असताना त्यांना दाढ काढायला नेलं होतं, ‘डॉक्टर नुसतं बघणार आहेत’ असं सांगून. आत गेल्यावर दोघांनी हात धरले, एकाने पाय, आणि डोकं वडिलांनी. ‘दुखल्याचं मला आठवतसुद्धा नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘बाबांचे हात आठवतात.’

सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचे वडील प्रेमळ होते, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला त्यावर काही बोलता आलं नाही. मी फक्त म्हटलं, ‘आज मी तोंडात काहीच घालणार नाही. आरसासुद्धा नाही. आज नुसतं बोलू.’ आणि खरंच तेवढंच केलं. त्या दिवशीची सगळी अपॉइंटमेंट साध्या खुर्चीत, टेबलाशी बसून झाली.

दातांच्या ठेवणीचे एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यांनी १८९९ साली तीन वर्ग पाडले. ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात ओळीत आणायचं हे शास्त्र, शिकणाऱ्याला ते झोपेतही आठवतात. भीती मोजायची पद्धत मात्र मला क्लिनिक उघडून काही वर्षं झाल्यावर, स्वतः वाचताना सापडली. नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली केलेली चार प्रश्नांची प्रश्नावली आहे. १९९५ साली तिच्या सुधारलेल्या रूपात इंजेक्शनबद्दलचा पाचवा प्रश्न आला. मी ती मराठीत आणि हिंदीत करून घेतली आहे. पहिला प्रश्न साधारण असा: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, तर आज कसं वाटतंय? दुसरा: बाहेर नंबर यायची वाट बघत बसला आहात, आता कसं वाटतंय? या दोन्ही प्रश्नांत डॉक्टर अजून आलेलेच नाहीत. कुणी तोंडाला हातही लावलेला नाही. शिक्षिकाबाईंनी या दोन्हींपुढे ‘अतिशय भीती’वर खूण केली होती, आणि इंजेक्शनच्या प्रश्नापुढे ‘थोडी’. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. दुखण्यासाठी माझ्याकडे गोळी आहे. ‘आता माझं कुणी ऐकणार नाही’ या भीतीवर गोळी नाही, तिथे मी स्वतः कशी वागते एवढंच औषध.

आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला सांगायचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘काही होणार नाही.’ आई म्हणते, मावशी म्हणते, डॉक्टर म्हणतो. मी ते म्हणणं सोडलं. काहीतरी होणारच असतं, आणि ते झालं की सांगणारा खोटा पडतो. त्याऐवजी जे होणार आहे ते तासांसकट सांगते. ब्रेसेस चिकटवताना इंजेक्शन नाही. दात कोरत नाहीत. आधी दात साफ करतात, मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल लावतात. ती जिभेला लागली तर आंबट लागते. ती धुऊन दात वाळवला की तो खडूसारखा पांढरा दिसतो. मग ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, दातावर ठेवायचा आणि निळ्या प्रकाशाने त्याखालची पेस्ट कडक करायची. या सगळ्यात कंटाळा येतो, जबडा अवघडतो, पण दुखत नाही.

दुखतं ते घरी गेल्यावर. तार बसवल्यानंतर दोन ते चार तासांनी दात ठसठसायला लागतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि मग आठवड्याभरात ओसरतं. हे का, तेही मी आठवीतल्या मुलालासुद्धा सांगते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची. तारेने दात रेटला की एका बाजूची गादी दबते, तिथलं रक्त कमी होतं, प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे दुखतं, आणि त्यांच्याच सांगण्यावरून हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बाजूला नवं हाड भरत जातं. असा तो दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर चालतो. म्हणून गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल घ्या म्हणते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर याच रसायनांना अडवतात आणि दाताची चाल मंदावू शकते. मुलं हे फार लक्ष देऊन ऐकतात. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे दुखलं की समजायचं, काम सुरू आहे.’ मी हो म्हटलं, आणि हेही सांगितलं की दुखायचं थांबलं म्हणून काम थांबलं असं नाही.

सांगण्यापेक्षा हातात देणं जास्त उपयोगी पडतं. १९५९ साली अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्यांनी मुलांसाठी ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत लिहून ठेवली. मी ती मोठ्यांनाही लावते. पहिली तार ०.०१४ इंचाची, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या आसपास तयार झाला आणि सत्तरच्या दशकात दातांच्या कामात आला. मी तिचा तुकडा पेशंटच्या तळहातावर ठेवते. दोन बोटांत धरून वाकवा म्हणते. लोक आधी घाबरत वाकवतात, मग जोरात, पार दोन्ही टोकं जुळेपर्यंत. सोडली की ती अलगद आपल्या मूळ आकारात येते, बोटांना नुसती गुदगुली होते. ‘एवढाच जोर लावणार आहे मी,’ असं म्हटलं की चेहरा सैल होतो. बऱ्याच जणांच्या डोक्यात तारेचं चित्र कुंपणाच्या तारेचं असतं, पक्कडीने पिळायच्या. एका मुलाने तो तुकडा खिशात घालून नेऊ का विचारलं. टोकांवर मेणाच्या गोळ्या लावून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन करते. दुखणं ऐन भरात असतं तेव्हा. ही सवय मला एका अभ्यासामुळे लागली, २००५ साली अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिक्सच्या नियतकालिकात आलेल्या. ब्रेसेस लावल्यावर दवाखान्यातून फोन आलेल्या पेशंटना दुखणं आणि धास्ती दोन्ही कमी जाणवली. त्यातली माझ्या मनात राहिलेली गोष्ट पुढची आहे: फोनवर उपचाराबद्दल नीट सूचना दिल्या काय आणि नुसती विचारपूस केली काय, फरक पडला नाही. फोन आला एवढंच पुरलं. आमच्या घरी कुणी आजारी असलं की आजी रोज संध्याकाळी शेजारच्या वाड्यात जाऊन बसायची, बोलायची काहीच नाही, भाजी निवडत बसायची. मला तिची आठवण झाली.

फोनवर बहुतेकदा खाण्याचीच चौकशी असते. पोहे चालतील, वरची शेव नको. कणीस दाताने सोलून खायचं नाही, पण भुट्ट्याचा कीस खुशाल खा. सराफा बाजारातला गराडू, तो तळलेला कुरकुरीत कंद, मात्र या हिवाळ्यात विसरायचा. इंदूरच्या माणसाला याचं दुःख तारेपेक्षा मोठं होतं, ते मी ऐकून घेते.

आता त्या मुलाबद्दल. अकरा वर्षं झाली. मला हे लिहायला जड जातं, पण तो मुलगा नसता तर मला बाकीचं काही कळलं नसतं.

तेरा वर्षांचा होता. त्यालाही मी डाव्या हाताचं सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य मी म्हणायची खरी, पण स्वागताला ‘या, बसा’ म्हणावं तसं. वरचे दात चालले होते. डावीकडच्या सुळ्यावर ब्रॅकेट बरोबर जागेवर बसला होता, कडेची जास्तीची पेस्ट काढून झाली होती, फक्त प्रकाश द्यायचा राहिला होता. हा क्षण नाजूक असतो. पेस्ट अजून मऊ असते; लाळेचा एक थेंब आला तर सगळं पुन्हा करावं लागतं. त्याने हात वर केला. मी म्हटलं, ‘झालं झालं, दोन सेकंद.’ प्रकाश दिला. मग वाटलं, पुढचे दातही कोरडे करून ठेवलेच आहेत, चारच तर राहिलेत. ते चारही करून टाकले. मध्ये कधीतरी त्याचा हात खाली गेला. बाहेर आल्यावर मी त्याच्या आईला कौतुकाने म्हटलं, ‘किती शहाणा मुलगा आहे, हूं का चूं केलं नाही.’

त्याला सर्दी होती. नाक पूर्ण चोंदलेलं होतं आणि तोंडात पाणी साचलं होतं. श्वास घ्यायला जागा नव्हती. हे मला चार दिवसांनी त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं. ते रागावलेले नव्हते, संकोचून बोलत होते. म्हणाले, ‘तो यायला तयार नाही. तो म्हणतो, काकू थांबेन म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.’ मी त्याच्याशी बोलू का विचारलं. त्याने फोन घेतला नाही. त्याचे ब्रॅकेट त्यांनी पुढे दुसरीकडे काढून घेतले आणि त्याचे दात तसेच राहिले, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

मी नुसतं काम लवकर उरकायला बघत होते असंही नाही. मला खरंच वाटत होतं की त्याच्या भल्याचंच आहे, परत त्रास नको. शिक्षिकाबाईंच्या वडिलांनाही त्या दिवशी हेच वाटलं असणार.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. सुरुवातीलाच विचारते, नाक मोकळं आहे का, नाकाने पाच श्वास घेऊन दाखव. चोंदलं असेल तर पेशंट लांब गावाहून आलेला असला तरी चिकटवायचं काम पुढे ढकलते. रिट्रॅक्टर लावण्याआधी हात वर करायची तालीम घेते. ‘कर बरं वर.’ तो करतो, मी हातातलं सगळं खाली ठेवून चाकांची खुर्ची मागे सरकवते. पुन्हा एकदा. मुलांना याची मजा वाटते, मोठे आधी लाजतात. आणि मुख्य म्हणजे हात बघायचं काम मावशींचं. माझे डोळे भिंगातून एका दातावर असतात, तेव्हा आजूबाजूचं मला खरोखर दिसत नाही. मावशींना दिसतं. त्या एकच शब्द म्हणतात, ‘हाथ.’ तो ऐकला की मी वाक्याच्या मध्ये असले तरी थांबते. मावशी मला ओरडूनही थांबवू शकतात, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या संकोचल्या. आता संकोचत नाहीत. एकदा हात वर व्हायच्या आधीच ‘हाथ’ म्हणाल्या. पेशंटच्या पायाची बोटं आखडलेली त्यांनी पाहिली होती.

मापं घेताना पूर्वी फार हाल व्हायचे. आल्जिनेट ही पावडर समुद्री शेवाळातल्या द्रव्यापासून बनते. पाण्यात घोटली की सैलसर श्रीखंडासारखी होते, आणि ट्रेमध्ये भरून वरच्या जबड्यावर दाबली की मऊ टाळूला लागते. उमासा येतो. त्याला हट्ट समजून दटावणारे पालक मी पाहिले आहेत. उमासा हट्टाने येत नाही, तो शरीराचा पहारा आहे. आता बऱ्याच जणांची मापं छोट्या कॅमेऱ्याच्या स्कॅनरने होतात, पण सगळ्यांची नाही. आल्जिनेट घ्यायचंच असेल तर मी खुर्ची सरळ करते, हनुवटी छातीकडे झुकवायला लावते, आधी खालचं माप घेते कारण ते सोपं जातं. पाणी थोडं कोमट घेतलं की ते लवकर घट्ट होतं. मग ‘उजवा पाय खुर्चीपासून वीतभर उचल आणि तसाच धरून ठेव’ म्हणते. लक्ष पायाकडे जातं. एका अकरा वर्षांच्या मुलीच्या आजी शेजारी बसल्या होत्या. नातीने पाय उचलला तसा त्यांनीही आपला पाय उचलला, नऊवारीतला, आणि माप निघेपर्यंत धरून ठेवला. मुलगी आजीच्या पायाकडे बघत राहिली आणि माप निघून आलं. मी मोठ्याने मोजते नेहमी. किती राहिलं हे कळलं की माणूस बरंच सोसतो.

पालकांबद्दल एक सांगायचं आहे, आणि ते जरा स्पष्टच सांगते. ‘रडलास तर डॉक्टरकाकू सुई टोचतील’ असं कृपा करून मुलांना म्हणू नका. घरी जेवत नाही म्हणून, अभ्यास करत नाही म्हणून सुईचा धाक घातलेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा मी त्याच्यासाठी आधीच शिक्षा झालेली असते. ‘बघ, ती एवढीशी मुलगी कशी बसली’ हेही नको. आणि मी मुलाला काही विचारलं तर त्याला उत्तर देऊ द्या. ‘दुखतंय का रे?’ असं मी विचारते आणि आई म्हणते, ‘नाही नाही, नाटकं आहेत त्याची.’ त्या मुलाला किती एकटं वाटत असेल. तोंड त्याचं आहे. मी उलट लहानसहान निवड त्याच्याकडे देते: रबरांचा रंग कुठला, वरचे दात आधी की खालचे, रेडिओ हवा की नको. मोठ्या माणसांनाही देते. एका साठीच्या गृहस्थांनी जांभळी रबरं निवडली होती आणि दर महिन्याला तीच मागत होते.

शिक्षिकाबाईंच्या ब्रेसेस डिसेंबरात लावायच्या ठरल्या. त्याआधी त्या चार वेळा आल्या. एकदा नुसतं खुर्चीत बसून गेल्या, एकदा खुर्ची मागे झुकवून बघितली, एकदा रिट्रॅक्टर स्वतःच्या हाताने लावून आरशात पाहिलं आणि काढला. या भेटींचे मी पैसे घेत नाही. मी हे काम उपचाराचाच भाग धरते, पेशंटला मात्र तो उपकार वाटतो, म्हणून हिशेबाच्या चिठ्ठीवर तसं लिहितच नाही.

त्या दिवशी दुपारी साडेचारला सुरुवात केली. बाहेर पुढचा पेशंट लवकर येऊन बसला होता, सहाला त्याचा क्लास होता आणि त्याची आई दोनदा दारातून डोकावली होती.

रिट्रॅक्टर लावला आणि लगेच बाईंचा हात वर गेला. ‘हाथ,’ मावशी म्हणाल्या. मी रिट्रॅक्टर काढला, मागे सरकले. त्या म्हणाल्या, ‘काही नाही. बघत होते.’ मी म्हटलं, ‘बघा. कितीही वेळा बघा.’ दुसऱ्यांदा जेल धुताना हात वर झाला, पाणी घशाशी गेलं होतं. मावशींनी ते ओढून घेतलं, दोन मिनिटं थांबलो.

तिसऱ्यांदा मी वरच्या उजवीकडच्या पाचव्या दातावर होते. ब्रॅकेट बसला होता. इतका नेमका बसला होता की मला स्वतःलाच बरं वाटलं. मागचे दात नेहमी त्रास देतात. जास्तीची पेस्ट काढून झाली होती. त्या बाजूचे पुढचे तीन दात धुऊन, वाळवून, पांढरे करून तयार ठेवले होते. प्रकाशाचं यंत्र माझ्या हातात होतं, बटणावर बोट होतं. दहा सेकंदांचं काम.

‘हाथ.’

मला तो मुलगा आठवला असं नाही. आठवायलाही वेळ नव्हता. बोट बटणावरून उचललं, यंत्र खाली ठेवलं, रिट्रॅक्टर काढला. ओठ मिटले, लाळ पसरली, ब्रॅकेट दातावरून घसरला. मी तो चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकला. बाई उठून बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांनी काही श्वास घेतले. मग ट्रेकडे बघत विचारलं, ‘तो बसला होता ना?’

‘बसला होता. घट्ट व्हायचा होता.’

‘मग आता?’

‘परत लावायचा. शेजारचे तीन दातही परत तयार करायचे. दहा-बारा मिनिटं जास्त.’

‘बाहेर तो मुलगा बसलाय.’

‘हो. मी त्याच्या आईला सांगून येते.’

मी बाहेर जाऊन सांगून आले. त्या नाराज झाल्या, साहजिक होतं. मुलाची वेळ दुसऱ्या दिवशीची केली. आत आले तर बाईंनी खुर्चीचं बटण स्वतःच दाबलं होतं आणि खुर्ची हळूहळू मागे झुकत होती. रिट्रॅक्टर त्यांच्या हातात होता. रुमाल मावशींकडे दिलेला होता.

दात पुन्हा साफ केला. निळी जेल लावली आणि तीसपर्यंत मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, मराठीत. एक, दोन, तीन. त्यांचा डावा हात पोटावर होता, आणि माझ्या प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं एकेक बोट हलत होतं.